तार चावते

रागाच्या भरात लिहायला बसू नये, असं म्हणतात. मी तो सल्ला मानला असता तर हे प्रकरण कधीच लिहून झालं नसतं, कारण हा राग उतरायची वाट बघता बघता माझी सत्तरी उलटली. मुलगा म्हणतो, आई, झालं ते झालं, आता कशाला उकरून काढतेस. त्याला काय जातंय म्हणायला! आजीचा उजवा हात त्याने पाहिला तो आखडलेलाच, दोन बोटं तळव्याकडे वळलेली. त्याला वाटतं ती जन्मापासूनच तशी असावीत. मी मात्र त्या हाताने थापलेल्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या आहेत. काठापर्यंत एकसारख्या, तव्यावर टम्म फुगणाऱ्या. सोबत सोललेल्या वालांचं बिरडं किंवा नुसता भाजलेला जवळा असला तरी आम्ही चार-चार उडवायचो. तो हात कसा गेला आणि त्याला कोण कोण जबाबदार होतं, ते एकदा नावानिशी लिहून ठेवायचं आहे. त्यात माझंही नाव आहे.

आमचं घर कर्जतजवळच्या कडावच्या पुढे, भातखाचरांच्या मधोमध. आई, बाबा, मी आणि बाबांचा धाकटा भाऊ नामाकाका एवढी माणसं, आणि गोठ्यात चार म्हशी. पहाटे जाग यायची ती दुधाच्या धारा चरवीत पडण्याच्या आवाजाने. चरवी रिकामी असताना आवाज टणक, भरत आली की मऊ. डोंगराखाली वीजघर होतं आणि तिथून निघालेले मोठे लोखंडी मनोरे आमच्याच खाचरांतून पाय रोवून उभे होते. धुकं पडलं की त्यांच्या तारा गुणगुणायच्या. ती सगळी वीज खाडी ओलांडून मुंबईला जायची आणि आम्ही तिच्या बरोबर खाली बसून कंदिलाची काच राखेने पुसायचो. लहानपणी मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आता वाटतं. आमच्या बांधावर त्यांचे पाय, आणि उजेड मात्र लोकांच्या घरात.

मी आठवीत गेले त्या वर्षी आमच्याकडे दिवे आले. एक ओटीवर, एक चुलीपाशी, एक गोठ्यात. गोठ्यातला दिवा लागल्यावर थोरली म्हैस अशी बिथरली की दोन दिवस तिने पान्हा सोडला नाही. चुलीपाशी दिवा लागला तेव्हा आईने वर पाहिलं आणि तिला भिंतीवरची काजळी दिसली. कंदिलाच्या उजेडात ती कधी दिसलीच नव्हती. 'अगं बाय, एवढ्या घाणीत मी रांधत व्हते?' असं म्हणून ती लाजली आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून अख्खी भिंत घासून सारवून काढली. घरात वीज आल्याचा आनंद बाबांना आणि काकांना झाला. आईच्या वाट्याला आधी काम आलं.

ओटीच्या कोपऱ्यातल्या सागवानी खांबाला वायरमनने एक लोखंडी पाईप ठोकला होता. पोलावरची काळी वायर त्या पाइपाच्या वरच्या तोंडातून घरात शिरायची. काम संपल्यावर वायरमन लोखंडी तारेचं एक वेटोळं तिथेच विसरून गेला. नामाकाकाने ते उचललं. आमचे कपडे तोवर काथ्याच्या दोरीवर वाळत, आणि ती दोरी दर पावसाळ्यात कुजून तुटायची. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने काकाने तारेचं एक टोक त्या पाइपाला आवळलं, दुसरं गोठ्याच्या लाकडी मेढीला, आणि हात झटकून म्हणाला, 'वयनी, आता मरेपर्यंत दोरी नको बदलायला.'

त्याच सुमाराला शाळेत विजेचा धडा सुरू झाला. विज्ञानाला वैद्य सर होते. पांढरा शर्ट, शाईचं पेन आणि कपाळाला कायमची आठी. आमच्यासारख्या चिखलातून येणाऱ्या पोरांना शिकवावं लागतं हे त्यांना नशिबाचे भोग वाटत असावेत. शाळेत एकच लाकडी पाटी होती. तिच्यावर दोन सेल, एक टॉर्चचा छोटा बल्ब, एक खटका आणि तारा बसवलेल्या. सरांनी ती टेबलावर ठेवली. मुलांनी पुढे यायचं, मुलींनी जागेवरून बघायचं. सेलच्या एका टोकातून निघालेली धारा तारेने बल्बात जाते आणि दुसऱ्या तारेने सेलच्या दुसऱ्या टोकाशी परत येते. हा झाला परिपथ. मग त्यांनी एक तार सोडवली. बल्ब विझला. 'वाट मोडली की धारा शून्य. एका तारेतून वीज वाहत नाही. काय सांगितलं?' आणि त्यांनी आम्हाला घोकायला लावलं, 'वाट पुरी, वीज खरी. वाट तुटली, वीज मिटली.' आख्खा वर्ग पाढे म्हणावेत तसा ते म्हणत होता. माझा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढच्या पानावर घराच्या वायरिंगचं चित्र होतं. खाली जमिनीत पुरलेली एक पट्टी, आणि चित्राखाली बराच मजकूर. सर म्हणाले, 'ह्यावर प्रश्न येत नाही. फुली मारा.' मी पट्टी धरून, पेन्सिलीने, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन सरळ रेघा ओढल्या. माझी फुली वर्गात सगळ्यांत नीट आली होती, हे मला अजून आठवतं आणि अजून स्वतःची कानशिलं लाल करावीशी वाटतात.

शाळेत पाटीला हात लावू दिला नाही म्हणून मी घरी स्वतःची पाटी केली. बाबांच्या बॅटरीतले सेल, तिचाच बल्ब आणि सायकलवाल्याकडून मागून आणलेले तारेचे दोन तुकडे. तार सेलला चिकटवायला भात चुरडून लावला. ओल्या भाताने तार धरून ठेवली नाही, मग आईने चिंध्या फाडून दिल्या आणि मी बांधताना गाठीवर बोट धरलं. बल्ब लागला तेव्हा आई टाळी वाजवून हसली. तिने स्वतः एक तार सोडवली, परत लावली, परत सोडवली. दहा वेळा तरी. 'म्हंजे जाऊन परत यायला लागतं व्हय हिला? माहेरवाशिणीवानी?' असं ती म्हणाली. वैद्य सरांनी आठवडाभर सांगितलेलं तिने एका वाक्यात सांगितलं होतं. बाबा येईल त्याला ओटीवर बसवून 'आमची कुंदा बघा' म्हणत तो बल्ब लावून दाखवायचे. घरातली मी वायरमन झाले. आठवीतल्या पोरीच्या डोक्यात हवा भरायला एवढं पुष्कळ होतं.

पितृपंधरवडा लागला. घट बसायच्या आत घरातलं सगळं पांघरूण-अंथरूण धुऊन काढायचं, अशी आमच्याकडची रीत. पाऊस सरत आलेला, एक सर येते, लगेच ऊन पडतं. त्या दिवसांत आई एका संध्याकाळी म्हणाली, 'तार चावते गं.'

'कुठली तार?' मी विचारलं.

'कपड्यांची. हात लावला की मुंग्या येतात, पार कोपरापर्यंत.'

बाबा हसले. नामाकाका तर उठलाच. 'वयनी, वारं भरलंय अंगात, दुसरं काय नाय,' असं म्हणत तो अंगणात गेला आणि तार मुठीत धरून उभा राहिला. 'हे बघा. कुठं चावते?' त्याला काहीच झालं नाही. मग मी गेले. मी शाळेतून नुकतीच आले होते, पायात रबरी स्लिपर होत्या. मी तार धरली. काहीच नाही. मी परत येऊन, हो, अगदी वैद्य सरांच्या आवाजात सांगितलं, 'आई, ही एकच तार आहे. वीज वाहायला दोन लागतात. दुसरी कुठाय, दाखव बरं!' बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, 'बघ. पोरीला कळतंय, तुला कळत नाय.'

आता हे वाचणाऱ्याला जे दिसतंय ते आम्हा तिघांपैकी एकालाही दिसलं नाही. काकाच्या पायात टायरच्या चपला होत्या. माझ्या पायात रबर होतं. आमच्याकडे अंगणात तुळस आणि धान्य, म्हणून घरच्या बाईने अंगणात चपला घालायच्या नाहीत असा दंडक होता. पुरुषांनी घातल्या तर चालायचं, त्यांना गोठ्यात जायचं असतं ना! शाळेची पोर म्हणून मलाही सूट. दिवसभर ओल्या मातीत अनवाणी वावरणारं माणूस घरात एकच होतं, आणि तेच एकटं सांगत होतं की तार चावते. मी पुढे तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोग म्हणजे काय, निरीक्षण म्हणजे काय, हे शेकडो पोरांना समजावलं. पण त्या अंगणातली खरी प्रयोग करणारी आई होती आणि आम्ही तिघं उंटावरचे शहाणे होतो.

आईने चार दिवस सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, सकाळी दव असतं तेव्हा जास्त चावते. तिसऱ्या दिवशी म्हणाली, ओल्या लुगड्यातूनसुद्धा येतं. काका तिला 'चावरी वयनी' म्हणायला लागला. चौथ्या दिवशी तिने हे धर्मीला सांगितलं. धर्मी डोंगराखालच्या ठाकूरवाडीतली. दर दोन-चार दिवसांनी काकड्या, चिबूड नाही तर गवताचा भारा घेऊन यायची, आईच्या हातचं ताक पिऊन जायची. आईचं ऐकून ती हसली नाही. आपली टोपली तिने उचलली आणि तारेपासून लांब, तुळशीपलीकडे नेऊन ठेवली. तेवढंच. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, हिला काय कळणार, ही शाळेत थोडीच गेलीय.

रविवार होता. आईने विहिरीवर गोधड्या पायाने तुडवून धुतल्या. गोधडी भिजली की एका माणसाला जेमतेम पेलते. मी ओटीवर पालथी पडून वाचत होते. आई पहिली गोधडी खांद्यावर घेऊन आली, थबकली आणि म्हणाली, 'कुंदे, तू टाक गं तारेवर. मला भ्या वाटतंय.'

मी पुस्तकातून मान वर काढली नाही. म्हटलं, 'वाट पुरी, वीज खरी! आई, एकच तार आहे ती. किती वेळा सांगायचं?'

'बरं बाय. तू शिकलीस, तुलाच ठावं,' ती म्हणाली.

पहिली गोधडी तिने लांबूनच फेकली. दुसरीही. त्या वजनाने तार खाली आली आणि खांबावरचा पाईप करकरत वाकला. तिसरी गोधडी नीट बसेना, म्हणून तिने उजव्या हाताने तार उचलून धरली. ती ओरडली नाही. ओरडायला तिला जमलंच नसावं. घशातून घर्रर्र असा आवाज आला आणि तिचा हात तारेभोवती आवळला गेला, सुटेचना. मी ओटीवरून उडी मारली, अनवाणी, आणि तिच्याकडे धावले. मला मागून कुणीतरी वेणीला धरून असं खेचलं की मी चिखलात आपटले. धर्मी होती. काकड्यांची टोपली घेऊन ती नुकतीच आली होती. 'हात नको लावू, पोरी!' म्हणत तिने आपली कारवीची वाळकी काठी दोन्ही हातांनी धरली आणि आईच्या मनगटावर तीन सपके मारले. तिसऱ्याला हात सुटला. आई मातीत पडली.

मी नंतर धर्मीला विचारलं होतं, तुला कसं कळलं हात लावायचा नाही म्हणून. ती म्हणाली, 'तुजी आय बोलली व्हती ना, चावते म्हणून. चावनाऱ्याला हातानं धरतात का?'

दुधाच्या टेंपोत घालून आईला कर्जतला नेलं. जीव वाचला. तळवा आणि दोन बोटं आतपर्यंत भाजली होती. आठ दिवसांनी ती घरी आली तेव्हा हाताचं नुसतं पांढरं बोचकं होतं. चूल माझ्याकडे आली. माझ्या जाड, करपलेल्या भाकऱ्या बाबा निमूट खात होते, पण तिसऱ्या दिवशी त्यांचा बांध फुटला. 'एकच तार, एकच तार! तुझ्या शाळेनं तुझी आई खाल्ली असती. बास झालं शिक्षण. उद्यापासून घरात बसायचं!' स्वतः मांडीवर थाप मारून हसलेला माणूस हे बोलत होता. तार पाइपाला बांधणारा काका बाजूला बसून मान डोलवत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर मी संन्यासी नव्हते. पण चोरही एकटी मी नव्हते. मी दप्तर माळ्यावर टाकलं.

दोन दिवसांनी वीज खात्याचा साहेब पंचनाम्याला आला, सोबत नवा तरुण वायरमन. त्याने पाईप उतरवला आणि मला बोलावून दाखवलं. पाइपाच्या तोंडाशी वायरीचं रबर घासून झिजलं होतं. ओल आली की तिथून थोडी वीज पाइपात पाझरायची, पाइपातून कपड्यांच्या तारेत. गोधड्यांच्या वजनाने पाईप वाकला तेव्हा उघडी वायरच पाइपाला टेकली. 'पण तार तर एकच होती,' मी म्हटलं. तो म्हणाला, 'दुसरी जमीन की गं. त्या तिकडच्या ट्रान्सफॉर्मरची एक तार जमिनीत गाडलेली असते. वीज तुझ्या आईच्या हातातून शिरली, पायातून मातीत उतरली आणि मातीतून परत गेली. पुरी झाली वाट.' आणि मग त्याने विचारलं, 'आई अनवाणी होती ना?'

मी माझ्या पायांतल्या रबरी स्लिपरांकडे पाहिलं.

साहेब ओटीवर कागद घेऊन बसला. बाबा, काका, शेजारचे दोघे उभे. साहेबाने विचारलं, तार पाइपाला कुणी बांधली? आधी कुणाला झटका बसला होता का? कुणाला सांगितलं होतं का? काकाचा चेहरा उतरला. बाबांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की आता हे सगळं माझ्यावर येणार हे मला कळलं. सगळ्यांसमोर एकदा बोललं गेलं की शाळा कायमची संपली असती. बाबा शब्दाचे पक्के, चार माणसांत बोललेलं मोडत नसत. तेवढ्यात आतून आई आली. बोचकं पदरात झाकलेलं.

'माझीच चूक हाय, साहेब,' ती म्हणाली. 'हात वले व्हते. तशीच धरली तार. आधी काय झालं नव्हतं. मी कुनाला काय बोललेच नव्हते.'

साहेबाने लिहून घेतलं. बाईचा निष्काळजीपणा. खाली आईचा डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला, कारण उजव्याला आता अंगठा टेकवायची सोय नव्हती. सही करता येणारी बाई होती ती, चौथीपर्यंत शिकलेली. मी खांबाला टेकून उभी होते. चार दिवस ती काय काय म्हणाली ते मला शब्द न् शब्द पाठ होतं. एक अक्षर माझ्या तोंडातून फुटलं नाही.

संध्याकाळी आई बाबांना म्हणाली, 'पोरीनं काय केलंय? वला हात माझा व्हता.' बाबांनाही ते सोयीचं झालं. सोमवारी मी शाळेत गेले.

वैद्य सरांचा तास होता. मी पुस्तक घेऊन टेबलापाशी गेले आणि फुली मारलेलं पान उघडून ठेवलं. म्हटलं, 'सर, दुसरी तार जमीन असते. ते इथे लिहिलंय.' सरांनी पान पाहिलं. 'लिहिलंय ना? मग वाचायचं होतंस,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'तुम्ही फुली मारायला लावलीत.' ते म्हणाले, 'परीक्षेला येत नाही म्हणून. जागेवर बस.' माझ्या आईचं काय झालं ते त्यांना ठाऊक होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. ते पुस्तक उचलून त्यांच्या टेबलावर आपटून मी जागेवर गेले. त्याबद्दल तासभर ओणवी उभी राहिले. त्या शिक्षेचं मला काही वाटलं नाही. त्या माणसाला रात्री झोप कशी लागली असेल याचा मात्र मी पुढे कितीतरी वर्षं विचार करत होते. लागत असणार, छान लागत असणार.

घरात मग तीच गोष्ट चालू राहिली. पाहुणा आला, त्याची नजर आईच्या हाताकडे गेली, की बाबा सांगायचे, 'ओल्या हातानं तार धरली हिनं.' काका पुढे जोडायचा, 'बायकांना किती सांगा!' माझ्या लग्नात सांगितलं, माझ्या मुलाच्या बारशात सांगितलं. आई बाजूला बसून मान हलवायची, हो, खरं आहे. मला तेव्हा या सगळ्यांचा राग यायचा आणि सर्वांत जास्त आईचा. जी चार दिवस बरोबर होती तीच स्वतःला वेंधळी म्हणवून घेत जगली, आणि ते का, हे मला पुरेपूर माहीत होतं. माझी पदवी, माझी नोकरी, माझा पगार, सगळं तिच्या त्या खोट्यावर उभं होतं.

काका गेला, बाबा गेले. आई माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी आम्ही दोघीच वाल सोलत बसलो होतो. मी न राहवून विचारलं, 'आई, माझ्यासाठी केलंस ते मला कळतं. पण बाबा गेल्यावर तरी खरं सांगायचंस. आयुष्यभर स्वतःच्या अंगावर का घेतलंस ते खोटं?'

तिने हातातला वाल टोपात टाकला. 'खरं सांगितलं व्हतं की गं,' ती म्हणाली, 'चार दिवस सांगत व्हते. कुनाला पटलं? आनि खोटं येकदाच बोलले, तर साहेबानं लगेच कागदावर लिवून घेतलं.'

असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.